वैजूच्या पेटीतलं शेवाळ

“हे एकदा शाळेत गेले का आपण पेटी रिकामी करू,” ताई म्हणाली. भाऊजी अंगणात सायकलच्या चाकाची हवा दाबून पाहत होते, म्हणून ती कुजबुजत होती. “मासे ठेवू. मासे वैजूचे आहेत. पण ते शेवाळ आज मी घरात राहू देत नाही.”

तिच्या हातात भाऊजींचा जेवणाचा डबा होता. झाकण केव्हाच बसलं होतं, तरी ती ते दाबतच होती.

मी तेव्हा नागपूरला डी.एड. करत होते. ताईनं गावच्या कंडक्टरजवळ निरोप धाडला होता, दोन दिवस सुट्टी काढून ये, काम आहे. मला वाटलं, हिची तब्येत बिघडली असेल. मी धावतपळत पिंपळटोल्याला पोचले, तर काम हे. काचेची पेटी रिकामी करायची. दुसऱ्या कुणी असं सांगितलं असतं तर मी दोन शब्द सुनावलेच असते. पण ताईचा चेहरा पाहून मी पिशवी खाली ठेवली आणि हो म्हणाले. कार्तिकापासून भाद्रपदापर्यंत माणूस इतका वाळू शकतो, हे मला ठाऊक नव्हतं.

कार्तिकात वैजू गेली होती. ताईची एकुलती एक लेक, सातवीत होती. गावाच्या तळ्यात बुडाली. आमच्या भंडाऱ्याकडे गावागणिक तळं असतं, आणि तळ्याच्या काठी वाढलेल्या पोरांना पाण्याचं भय नसतं. शिंगाड्यांचा हंगाम होता, पोर शिंगाडे काढायला उतरली असेल आणि शेवाळात पाय अडकला असेल, असं सगळं गाव म्हणालं. ताईच्या मनात त्यातलं शेवाळ तेवढं रुतून बसलं.

ही पेटी वैजूचीच. भाऊजींनी नागपूरहून आणली होती, बसच्या मागच्या सीटवर मांडीवर धरून. त्यावरून मी त्यांची पुष्कळ चेष्टा केली होती, की लग्नात ताईलासुद्धा तुम्ही एवढं जपून आणलं नव्हतं. पेटीत लाल-निळे खडे होते, प्लास्टिकची दोन हिरवीगार झाडं होती, आणि मोली जातीचे बारके काळे मासे होते. सगळ्यांत मोठ्या मोलीचं नाव वैजूनं काजळ ठेवलं होतं. मी गेले की आधी काजळला भेटावं लागायचं, मग चहा.

वैजू गेली, आणि पुढच्या महिन्याभरात पेटीतली प्लास्टिकची झाडं दिसेनाशी झाली. त्यांच्या जागी तळ्यातलं शेवाळ आलं. शेवाळ आपलं बोलायला. शाळेच्या पुस्तकात त्याला हायड्रिला म्हणतात. लांब दोऱ्यासारखे देठ आणि त्याला गोलाकार बसलेली बारीक पानं. भाऊजी शाळेत विज्ञान शिकवायचे. दरवर्षी पोरांना तळ्याच्या काठावरून हेच हायड्रिला आणायला लावायचे, पाण्यात बुडवून वर नरसाळं आणि परीक्षानळी उलटी ठेवायचे, नि उन्हात त्यातून निघणारे बुडबुडे दाखवायचे. झाडं प्राणवायू सोडतात तो प्रयोग. वैजूला तो पहिलीपासून पाठ होता. त्या वर्षी मात्र भाऊजींनी तो प्रयोग केला नाही, फळ्यावर आकृती काढून भागवलं, असं शेजारची बाई मला सांगत होती.

आणि दर रविवारी सकाळी ते बादली घेऊन तळ्यावर जायचे. दोन तासांनी परत यायचे. बादली ओल्या फडक्यानं झाकलेली असायची.

“ज्यानं माह्या पोरीचे पाय धरून ठेवले, ते हा माणूस घरात आणून पोसून राहिला,” ताई मला रात्री म्हणाली होती. “मी जेवायले बसते तं समोर ते. झाडायले लागते तं समोर ते. मी म्हणलं, फेका. तं काही बोलत नाहीत. नुसते पाहतात माह्याकडे. कुंदा, मी सांगून ठेवते, हे घरातून गेलं नाही तं मी तुह्यासंग येते. मग मी वापस येणार नाही.”

ती हे रागाच्या भरात बोलत नव्हती, तेच मला घाबरवणारं होतं. कोपऱ्यात तिची बॅग भरलेली होती, वर टॉवेलसुद्धा घडी करून ठेवलेला. त्या घरात नवराबायकोत आता ‘वाढलं आहे’ आणि ‘येतो’ एवढंच बोलणं उरलं होतं. एका घरात दोन माणसं एकाच पोरीसाठी वेगवेगळी झुरत होती. मला दोघांचाही राग यायचा, आणि दोघांची कीवही.

भाऊजी डबा घ्यायला आत आले. माझ्याकडे पाहून म्हणाले, “कुंदा, दुपारी खिडकीतून पेटीवर ऊन येते. पडदा ओढून घेजो, माय. पाणी तापते.”

“हो,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? ते सायकलवर बसले आणि गल्लीच्या वळणावर दिसेनासे झाले.

ताईनं पदर खोचला.

मासे आधी पातेल्यात काढायचं ठरलं होतं, पण मासे दिसतील तर ना. पेटी काठोकाठ हिरवी झाली होती. मी बाह्या वर करून हात घातला आणि शेवाळाचा एक झुपका बाहेर ओढला. त्याच्यामागून दुसरा आला, मग तिसरा. पाण्याला तळ्याचा वास होता, उन्हातल्या चिखलाचा. ताई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं पेटीला हात लावला नाही. मी झुपके घमेल्यात टाकत होते आणि ती त्यांच्याकडे पाहतही नव्हती.

अर्धी पेटी मोकळी झाली तेव्हा काजळ दिसली. मोठी, सुस्त, पूर्वीपेक्षा दुप्पट. मी तिला हातानंच पातेल्यात घेतलं. बाकीच्या दोन मोलीही सापडल्या. मग पेटीतलं जुनं पाणी मी बादल्या भरभरून मोरीत ओतलं, खडे धुतले, आणि ताईनं नळाला पाइप लावून पेटी भरली. पाणी कसं स्वच्छ, चमकदार. ताईनं पहिल्यांदाच त्या पेटीकडे नीट पाहिलं.

“पाह्य कशी दिसून राहिली आता,” ती म्हणाली. “वैजू असती तं...”

मी मासे नव्या पाण्यात सोडले आणि घमेलं उचलायला वाकले.

घमेल्यात काहीतरी हललं.

मला आधी वाटलं, अळ्या आहेत. मी घमेलं उजेडात नेलं. शेवाळाच्या गुंत्यात, तळाशी साचलेल्या ओंजळभर पाण्यात, तिळाएवढे काळे ठिपके इकडून तिकडे पळत होते. प्रत्येक ठिपक्याला दोन डोळे होते.

“ताई,” मी म्हणाले, “पिल्लं आहेत गं.”

“काहीतरीच. या माशांची पिल्लं जगतच नाहीत. वैजू रडायची ना. आज जन्मली का उद्या मोठे मासे खाऊन टाकत.”

“ये ना, पाह्य तं खरी.”

ती आली. तिनं वाकून पाहिलं, मग गुडघे टेकून बसली. तिनं बोटानं एक काडी बाजूला केली, तसे त्याखालून दहाबारा ठिपके उधळले आणि दुसऱ्या काडीखाली जाऊन लपले. तिच्या चेहऱ्यावर जे आलं होतं, त्याला मी हसू म्हणणार नाही. पण वर्षभरात तिनं पहिल्यांदाच कशाकडे तरी असं पाहिलं होतं.

“हे या शेवाळात राहून जगले म्हणायचे,” ती शेवटी म्हणाली.

तेवढ्यात माझं पेटीकडे लक्ष गेलं. काजळ पाण्याच्या वर तोंड काढून भराभरा धापा टाकत होती. एक लहान मोली आडवी झाली होती, दुसरी काचेवर आपटत होती.

“ताई, यांना काय झालं?”

ताईनं पाहिलं आणि तिचा रंगच उतरला. मी पेटीत हात हलवला, पाणी ढवळलं, ताटानं वारा घातला. डी.एड. करणारी मी, पण त्या वेळी मला काही सुचेना. काजळ कलंडायला लागली.

“मरून राहिली ती,” ताई म्हणाली. “कुंदा, वैजूची काजळ मरून राहिली! जा, धाव! त्याईले बोलाव! म्हण, मी बोलावलं.”

मी अनवाणी धावले. शाळा गावाच्या टोकाला होती. भाऊजी सातवीच्या वर्गात होते, वैजू बसायची त्याच खोलीत. मला दारात तशी धापा टाकताना पाहून त्यांच्या हातातला खडू खाली पडला. मला उशिरा कळलं की या माणसाला असंच कुणीतरी येऊन एकदा दारातून बोलावून नेलं होतं.

“ताई बरी आहे,” मी आधी तेवढं म्हणाले. “ताईनं बोलावलं. पेटीतले मासे...”

पुढचं त्यांनी ऐकलंच नाही. मला सायकलच्या मागे बसवलं आणि निघाले.

घरात शिरताच त्यांनी मोकळी पेटी पाहिली, घमेलं पाहिलं, जमिनीवर सांडलेलं हिरवं पाहिलं. मी बोलणी खायच्या तयारीत होते. त्यांनी फक्त विचारलं, “नळाचं पाणी टाकलं?”

“हो,” ताई म्हणाली. ती काजळला ओंजळीत धरून बसली होती.

“पावसाळ्यात पंचायतवाले टाकीत ब्लिचिंग टाकतात. तेवढ्यानं मासे मरतात.” ते मागच्या पडवीत गेले आणि झाकलेला रांजण कलंडवून बादली भरून आणली. “सोड तिले यात. सोड, निरू.”

ताईचं नाव निरंजना. निरू असं त्यांनी तिला किती दिवसांनी म्हटलं असेल कोण जाणे. तिनं ओंजळ बादलीत बुडवली. भाऊजींनी बाकीच्या दोन्ही मोली काढून त्यातच टाकल्या आणि बादलीशेजारी उकिडवे बसले. आम्ही तिघंही बसलो. आडवी झालेली मोली तशीच तरंगत राहिली, ती गेली होती. दुसरी तळाशी जाऊन थरथरत होती. काजळ एका कुशीवर होती. मग तिचे कल्ले सावकाश हलायला लागले, आणि पुष्कळ वेळानं ती सरळ झाली.

ताईनं श्वास सोडला. मग तिचं लक्ष पाण्याकडे गेलं.

“हे कुठलं पाणी?”

“तळ्याचं.”

“रविवारी आणता ते?”

“हो.”

“मी समजत होती, तुम्ही शेवाळ आणता,” ताई म्हणाली. “तेवढ्यासाठी तळ्यावर? विहिरीचं पाणी नसतं चाललं?”

“चाललं असतं,” भाऊजी म्हणाले आणि मान खाली घालून बसले.

आता मलाही राहवेना. “मग भाऊजी, एवढं शेवाळ आलं कुठून?”

ते उठले. घमेल्यातली एक काडी त्यांनी उचलली, जमिनीवर पडलेल्या काड्या एकेक करून वेचल्या, आणि बादलीत सोडल्या. तेवढं झाल्यावरच ते बोलले.

“शेवाळ मी तळ्यातून कधी आणलं नाही. एकदाही नाही. हे सगळं एका मुठीचं आहे.”

“कोणाच्या?” ताईनं विचारलं, पण तिचा आवाज आधीच बदलला होता.

“तिले दवाखान्यात नेलं तेव्हा तिची एक मूठ मिटलेली होती. डॉक्टर कागद आणायले गेले, तेव्हा मी उघडली. आत याच्या तीनचार काड्या होत्या. मी खिशात टाकल्या. घरी आल्यावर पाहिलं तं ओल्याच होत्या. फेकवल्या नाहीत माह्याच्यानं. तिच्या पेटीत सोडल्या. याचा तुकडा पाण्यात पडला का तो वाढते, निरू. वाढत गेला.”

बाहेर कुणाची तरी बैलगाडी गेली. ताई घमेल्याकडे वळली.

“म्हणजे शिंगाड्याले नव्हती गेली ती,” ती म्हणाली.

“शिंगाडे पलीकडच्या काठाले होते. ती शाळेच्या बाजूनं उतरली होती, पोरं प्रयोगासाठी हे आणतात तिथून.” भाऊजींनी घमेल्यातल्या पिल्लांकडे पाहिलं. “पिल्लाईले लपायले जागा पाहिजे, बाबा, प्लास्टिकच्या झाडात लपता येत नाही, असं महिनाभर माह्यामागं लागली होती. मी म्हणलं, रविवारी आणू. दर रविवारी काही ना काही निघे.”

“आणि मी म्हणलं होतं,” ताई एकेक शब्द वेगळा करत म्हणाली, “तळ्याची घाण माह्या घरात आणायची नाही. दोघाईसमोर म्हणलं होतं.”

भाऊजींनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

“म्हणून तुम्ही मले सांगितलं नाही?”

“सांगून काय झालं असतं? तुले तशीच झोप नव्हती.”

मला त्या क्षणी समजलं की हा माणूस वर्षभर बायकोचे टोमणे, अबोला, सगळं का सोसत होता. एक वाक्य बोलला असता तर सुटला असता. पण त्या वाक्यानं ताई खचली असती, म्हणून तो गप्प राहिला, आणि त्याच्या गप्प राहण्यानंच ताई घर सोडायला निघाली होती. मी भिंतीकडे तोंड केलं. माझ्या रडण्याला तिथं काही काम नव्हतं.

ताई मात्र रडली नाही. ती घमेल्याकडे पाहत होती.

“एक विचारू?” ती म्हणाली. “खरं सांगा. लोक म्हणत, यानं तिचे पाय धरले. मी डोळे मिटले का मले तेच दिसते. दोर बांधल्यासारखं. ती ओढून राहिली, ओढून राहिली, आणि हे सोडत नाही. किती वेळ ओढलं असंन हो तिनं?”

हे तिनं मलाही कधी सांगितलं नव्हतं.

भाऊजी तिच्यासमोर खाली बसले. घमेल्यातून त्यांनी एक लांब काडी काढली आणि तिच्या हातात दिली. ताईनं हात मागे घेतला. त्यांनी तो धरून पुन्हा पुढे आणला.

“ओढून पाह्य.”

तिनं ओढलं. काडी तुटली. आवाजसुद्धा झाला नाही. तिनं उरलेला तुकडा पुन्हा ओढला, तोही तुटला. मग तिनं दोनतीन काड्या एकत्र धरून ओढल्या. त्याही पालेभाजीच्या कोवळ्या देठासारख्या तुटल्या. तिचे हात हिरवे झाले, ओले झाले, आणि ती तोडतच राहिली.

“किती मऊ आहे हे,” ती म्हणाली.

“तिथं खड्डा होता, निरू. वीटवाल्याईनं माती नेली त्याचा. वरून दिसत नव्हता. तिचा पाय घसरला. मी नंतर स्वतः उतरून पाहून आलो. यानं नाही धरलं तिले.” भाऊजी थांबले. “तिनं याले धरलं होतं. पिल्लाईसाठी घेतलं होतं, ते तिनं सोडलं नाही.”

तेव्हा ताई रडली. कार्तिकात तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, बाया कुजबुजल्याही होत्या. आता ती भाऊजींच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्यानं रडली, आणि भाऊजी चष्मा हातात धरून तसेच रडले. मी उठले आणि दार लोटून घेतलं.

संध्याकाळपर्यंत आम्ही पेटी पुन्हा भरली. रांजणातलं पाणी संपल्यावर भाऊजी विहिरीचं घेऊन आले. शेवाळ परत आत गेलं, ताईच्याच हातानं. तिनं तोडलेले तुकडेसुद्धा तिनं वेचून आत टाकले, वाढतील म्हणाली. पिल्लं तिनं वाटीनं एकेक उचलली. एक घमेल्याच्या कडेला चिकटून बसलं होतं, ते तिनं बोटाच्या टोकावर घेऊन सोडलं. मेलेली मोली भाऊजींनी मोगऱ्याच्या मुळाशी पुरली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. भाऊजींनी बादली उचलली तेव्हा ताईनं चपला घातल्या. दोघं बरोबर तळ्यावर गेली. मी घरी राहिले, आणि कोपऱ्यातल्या बॅगेतला टॉवेल काढून दांडीवर टाकला. परत आल्यावर ताईनं तो पाहिला आणि त्यालाच हात पुसले.

सोमवारी सकाळी माझी बस होती. भाऊजी नेहमीसारखे अंगणात सायकलची हवा पाहत होते. ताई डबा घेऊन बाहेर आली, आणि तिच्या दुसऱ्या हातात लोणच्याची रुंद तोंडाची बरणी होती, घासून लख्ख केलेली. तिच्यात पाणी होतं आणि हायड्रिलाचा चांगला मोठा झुपका होता.

“हे काय?” भाऊजींनी विचारलं.

“प्रयोगाले. सातवीच्या पोराईनं बुडबुडे पाहिलेच नाहीत यंदा.” तिनं बरणी त्यांच्या हातात दिली आणि झाकण घट्ट बसलंय ना ते एकदा दाबून पाहिलं. “आणि कोणत्याच पोराले तळ्यावर पाठवू नका आता. लागंन तेवढं घरून नेत जा.”